वेदनाशामक गोळी, मूत्रल औषध आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा

सांधेदुखी, कंबरदुखी, दातदुखी यांवर घेतली जाणारी शोथशामक औषधे आणि उच्च रक्तदाब वा हृदयविकार यांसाठी दिली जाणारी मूत्रल औषधे हे दोन औषधवर्ग आज खेड्यापाड्यांतही घरोघरी पोहोचले आहेत. पहिल्या वर्गातील औषधांनी सूज उतरते व दुखणे शमते. दुसऱ्या वर्गातील औषधांनी शरीरातील जादा मीठ व पाणी लघवीवाटे बाहेर पडते. दोन्हींची उपयुक्तता निर्विवाद आहे. परंतु ही दोन्ही औषधे एकाच व्यक्तीला एकाच काळात मिळू लागली, तर त्यांचा भार एकाच अवयवावर, म्हणजे मूत्रपिंडावर पडतो. बहुतेक वेळा मूत्रपिंड हा भार सोसते. काही व्यक्तींच्या बाबतीत मात्र त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि रक्तशुद्धीचे काम मंदावते किंवा थांबते. हे नेमके कसे घडते, ते कोणाला संभवते आणि ते टाळण्यास काय करता येते, याचा विचार येथे केला आहे.

मूत्रपिंडाचे दैनंदिन कार्य

माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून वजन सुमारे ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरते. असे असूनही हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या सुमारे ५ लिटर रक्तापैकी १ लिटरहून अधिक रक्त एकट्या मूत्रपिंडांकडे जाते. इतक्या लहान अवयवाला इतके रक्त लागते ते त्याच्या स्वतःच्या पोषणासाठी नव्हे. सर्व शरीराचे रक्त गाळण्याचे काम त्याच्याकडे सोपविलेले असल्यामुळे ते लागते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ होय. या सर्व गुच्छांतून मिळून दर मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील ९९ टक्के द्रव पुढील नलिकांमधून रक्तात परत घेतला जातो आणि उरलेला दीड लिटरच्या आसपास द्रव लघवी म्हणून बाहेर पडतो. युरिया, क्रिएटिनिन यांसारखी टाकाऊ द्रव्ये त्याबरोबर निघून जातात. मीठ, पोटॅशियम व आम्ल यांचे रक्तातील प्रमाणही याच कामामुळे समतोल राहते.

गाळण्याची ही क्रिया दाबावर चालते. गुच्छातील रक्ताला पुरेसा दाब असेल तरच द्रव गाळणीतून पलीकडे जातो. दाब फार कमी झाला, तर गाळणी शाबूत असूनही तिचे काम बंद पडते.

दोन झडपांची व्यवस्था

हा दाब कसा राखला जातो, हे समजण्यास गावच्या नळपाणी योजनेचे उदाहरण उपयोगी पडेल. गाळणीच्या टाकीला पाणी आणणाऱ्या नळावर एक व पाणी पुढे नेणाऱ्या नळावर दुसरा असे दोन व्हॉल्व्ह असतात. टाकीतील दाब वाढवावयाचा असेल, तर आत येणारा व्हॉल्व्ह अधिक उघडता येतो किंवा बाहेर जाणारा थोडा आवळता येतो. मूलस्रोताचा दाब कमी-अधिक झाला, तरी या दोन व्हॉल्व्हांच्या जुळवणीने टाकीतील दाब स्थिर ठेवता येतो.

मूत्रपिंडातील प्रत्येक गुच्छाला अशाच दोन सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. रक्त आणणारी ती अभिवाही आणि रक्त पुढे नेणारी ती अपवाही. अभिवाही वाहिनी सैल करण्याचे काम प्रामुख्याने प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात. ही द्रव्ये मूत्रपिंडातच, गरजेप्रमाणे आणि जागच्या जागी तयार होतात. अपवाही वाहिनी आवळण्याचे काम मुख्यतः अँजिओटेन्सिन नावाचे द्रव्य करते. पहिल्यामुळे गुच्छात रक्त अधिक येते. दुसऱ्यामुळे आलेल्या रक्ताचा दाब टिकून राहतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. निरोगी, तरुण व पुरेसे पाणी पिणाऱ्या व्यक्तीच्या मूत्रपिंडाला प्रोस्टाग्लँडिनांची फारशी मदत लागत नाही. रक्ताचे आकारमान घटले, हृदय दुर्बल झाले किंवा मूत्रपिंडे आधीच रोगग्रस्त असली, म्हणजे मात्र ही द्रव्ये मूत्रपिंडाचा मुख्य आधार बनतात. संकटकाळी उपयोगी पडणारी ही राखीव कुमक आहे. औषधांच्या परस्परक्रियेचे सारे मर्म या एका वस्तुस्थितीत आहे.

मूत्रल औषधे काय करतात

फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, स्पायरोनोलॅक्टोन ही नित्य वापरातील मूत्रल औषधे होत. नलिकांमधून रक्तात परत जाणारे मीठ ती अडवितात. मिठामागोमाग पाणीही लघवीत उतरते. त्यामुळे पायांवरील सूज ओसरते, फुप्फुसांतील पाणी कमी होते व रक्तदाब उतरतो.

मीठ व पाणी गेल्याने रक्ताचे आकारमान काहीसे घटते. ही घट शरीराला जाणवते आणि ते प्रतिकाराची तयारी करते. मूत्रपिंडातून रेनिन स्रवते, त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते आणि सर्व शरीरातील रक्तवाहिन्या आवळू लागतात. या आवळण्याने मूत्रपिंडाचाच रक्तपुरवठा तुटू नये, म्हणून मूत्रपिंड त्याच वेळी अधिक प्रोस्टाग्लँडिने निर्माण करून आपली अभिवाही वाहिनी खुली ठेवते. अशा रीतीने मूत्रल औषध घेणाऱ्या रुग्णाचे मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिनांवर अधिक विसंबून असते. रुग्णाला याची काहीही जाणीव नसते, कारण व्यवस्था सुरळीत चाललेली असते.

शोथशामक औषधे काय करतात

युरोपात वाळुंजाच्या जातीच्या झाडांची साल ताप व दुखणे यांवर पूर्वापार वापरात होती. त्या सालीतील गुणकारी द्रव्याच्या अभ्यासातून पुढे १८९७ मध्ये जर्मनीत अ‍ॅस्पिरिन तयार झाले. मात्र ते दुखणे कसे थांबविते, याचा उलगडा होण्यास आणखी सुमारे पाऊणशे वर्षे जावी लागली. १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी असे दाखवून दिले की, अ‍ॅस्पिरिन व त्यासारखी औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीच रोखतात. या द्रव्यांवरील संशोधनाबद्दल व्हेन यांना स्वीडनचे स्यूने बर्गस्ट्रॉम व बेंग्ट सॅम्युएल्सन यांच्यासमवेत १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, इंडोमेथासिन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, पायरॉक्सिकॅम, निमेसुलाइड ही सर्व औषधे याच वर्गात मोडतात. सुजलेल्या सांध्यात प्रोस्टाग्लँडिने वेदना व दाह वाढवितात. तेथे ती रोखली जाणे इष्टच असते. परंतु पोटात घेतलेली गोळी रक्तावाटे सर्व शरीरात पसरते. गुडघ्यातील प्रोस्टाग्लँडिने थांबवावयाची आणि मूत्रपिंडातील सोडून द्यावयाची, असा भेद तिला करता येत नाही.

सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब यांसारखी नंतरच्या काळातील औषधे जठराला कमी त्रासदायक असतात. त्यामुळे ती सर्वस्वी निर्धोक असल्याचा समज आढळतो. मूत्रपिंडाच्या बाबतीत तो खरा नाही. ही औषधे ज्या एंझाइमाला अडवितात, ते मूत्रपिंडातही कार्य करीत असते. म्हणून मूत्रपिंडापुरती त्यांची जोखीम जुन्या औषधांसारखीच समजली जाते.

दोन औषधे एकत्र येतात तेव्हा

वरील दोन प्रक्रिया एकमेकींना जोडून पाहिल्या म्हणजे धोका स्पष्ट होतो. मूत्रल औषधामुळे रक्ताचे आकारमान घटले आहे, अभिवाही वाहिनी आवळू पाहत आहे आणि प्रोस्टाग्लँडिने तिला खुली ठेवीत आहेत. अशा वेळी शोथशामक औषधाने प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती थांबविली, तर वाहिनीला खुली ठेवणारा आधारच नाहीसा होतो. ती आकसते, गुच्छात येणारे रक्त कमी होते, दाब उतरतो व गाळणक्रिया मंदावते.

१९८२ मध्ये जिनिव्हा येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक लहानसा प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. निरोगी स्वयंसेवकांना ट्रायअ‍ॅमटेरीन हे मूत्रल व इंडोमेथासिन हे शोथशामक एकत्र देण्यात आले. त्यांतील काहींच्या मूत्रपिंडांचे गाळण्याचे काम निम्म्याहूनही खाली आले आणि औषधे थांबविल्यावर ते पूर्ववत झाले. निरोगी मूत्रपिंडांचीही अशी अवस्था होऊ शकते, हे त्यातून दिसले.

या जोडीचा आणखी एक परिणाम होतो. शोथशामके शरीरात मीठ व पाणी धरून ठेवतात, म्हणजे मूत्रल औषध जे काम करू पाहते त्याच्या नेमके विरुद्ध काम करतात. परिणामी रक्तदाब वाढतो, पायांवर पुन्हा सूज येते व दुर्बल हृदयावर ताण पडतो. मूत्रले घेणाऱ्या ५५ वर्षांवरील व्यक्तींची पाहणी करून नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९८ मध्ये असे नमूद केले की, शोथशामके घेण्याच्या काळात हृदयदौर्बल्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले होते. रक्तदाब आटोक्यात येत नाही म्हणून औषध वाढवीत नेण्यापूर्वी रुग्ण एखादी वेदनाशामक गोळी घेत आहे काय, हे विचारणे त्यासाठीच आवश्यक ठरते.

तिसऱ्या औषधाची भर

रक्तदाबावरील औषधांचा आणखी एक वर्ग येथे विचारात घ्यावा लागतो. एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही औषधे अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखतात. लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधे त्याचे कार्य रोखतात. मधुमेही व हृदयविकारी रुग्णांना ही औषधे फार हितावह आहेत. परंतु त्यांच्यामुळे अपवाही वाहिनी सैल होते. अशा रुग्णाने मूत्रल व शोथशामक अशी दोन्ही औषधे घेतली, तर मूलस्रोताचा दाब उतरलेला, आत येणारा व्हॉल्व्ह आवळलेला आणि बाहेर जाणारा सताड उघडा, अशी तिहेरी स्थिती ओढवते. टाकीतील दाब टिकविण्याचा कोणताही उपाय मग शिल्लक राहत नाही. २००० साली ऑस्ट्रेलियातील एका वैद्यकीय नियतकालिकाने या ‘तिहेरी आघाता’कडे वैद्यकव्यवसायाचे लक्ष वेधले होते.

ब्रिटनमधील रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या ४ लाख ८७ हजारांहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीनही औषधे एकत्र घेणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी अधिक आढळले. पहिल्या ३० दिवसांत तर ते ८२ टक्क्यांनी अधिक होते. केवळ दोन औषधांच्या जोडीने या अभ्यासात एकंदरीने वाढ दिसली नाही. यावरून दोन निष्कर्ष निघतात. दोन औषधे एकत्र आली की प्रत्येकाचे मूत्रपिंड बिघडते, असे नाही. म्हणून घाबरून औषधे सोडू नयेत. तिसरे औषध जोडले गेल्यास मात्र, विशेषतः पहिल्या महिन्यात, अधिक दक्षता हवी.

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये ज्या राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. या उपक्रमाच्या उपचारपद्धतीत अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन व क्लोरथॅलिडोन ही औषधे टप्प्याटप्प्याने दिली जातात. शेवटच्या टप्प्यावरील रुग्णाजवळ तिहेरी जोडीतील दोन औषधे योग्य कारणासाठीच असतात. तिसरे औषध तो गुडघा दुखतो म्हणून स्वतःच दुकानातून आणतो आणि आरोग्य केंद्रातील नोंदवहीत त्याची नोंद नसते.

अधिक धोका कोणाला

साठी उलटलेल्या व्यक्ती, मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचे रुग्ण, दीर्घकाळचे मधुमेही, हृदयदौर्बल्य वा यकृताचा विकार असलेले रुग्ण यांनी विशेष काळजी घ्यावी. याखेरीज जुलाब, उलट्या, तीव्र ताप किंवा उन्हाचा तडाखा यांमुळे शरीरातील पाणी घटलेले असता धोका एकदम वाढतो. एरवी वर्षभर तीच औषधे सोसणारी व्यक्ती दोन दिवसांच्या जुलाबानंतर गंभीर आजारी पडू शकते.

वैशाखातील शेतीची कामे, वीटभट्टी, रस्त्याचे काम, ऊसतोड यांसारख्या श्रमांत घामावाटे पुष्कळ पाणी जाते, अंगही दुखते आणि संध्याकाळी वेदनाशामक गोळी घेण्याचा प्रघात पडतो. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्व्हादोर या देशांत ऊसतोड कामगारांमध्ये मूत्रपिंडाचा जुनाट विकार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. त्याच्या कारणांत कडक ऊन, कष्ट व पाण्याचा तुटवडा यांना प्रमुख स्थान दिले जाते आणि वेदनाशामके ही त्यात भर घालणारी बाब मानली जाते. श्रमिकांसाठी सावली, विश्रांती व पिण्याचे पाणी यांची सोय हा म्हणूनच मूत्रपिंडाच्या रक्षणाचाही उपाय ठरतो.

ओळख व उपचार

या विकाराची अडचण अशी की, आरंभी तो दुखत नाही. लघवीचे प्रमाण घटणे, पाय व चेहरा यांवर सूज येणे, मळमळ, थकवा, दम लागणे ही लक्षणे उशिरा दिसतात. रक्तातील पोटॅशियम वाढल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊन जिवावर बेतू शकते. स्पायरोनोलॅक्टोनसारखे मूत्रल चालू असल्यास ही भीती अधिक असते. रक्तातील क्रिएटिनिनची साधी तपासणी ही ओळख पटविण्याची खात्रीची वाट होय. क्रिएटिनिन पूर्वीच्या दुप्पट झाले, तर गाळणक्रिया सुमारे निम्म्यावर आली, असे ढोबळमानाने समजले जाते.

समाधानाची बाब ही की, वेळीच लक्षात आल्यास औषध थांबवून व शरीरातील पाण्याची तूट भरून बहुतेकांची मूत्रपिंडे काही दिवसांत पूर्ववत काम करू लागतात, कारण प्रारंभी गाळणी शाबूत असते व केवळ दाब उतरलेला असतो. दुर्लक्ष झाल्यास मात्र रक्ताअभावी नलिकांच्या पेशी मरू लागतात आणि डायलिसिसची पाळी येते. थांबविल्यास बरे होणारे दुखणे आणि कायमचा अधूपणा यांत कित्येकदा अवघ्या काही दिवसांचे अंतर असते.

गिधाडांची दुर्दशा

शोथशामके व मूत्रपिंड यांचा संबंध ग्रामीण भागाने वेगळ्या रूपात अनुभवला आहे. गुरांना डायक्लोफेनॅक टोचल्यानंतर ती दगावली की त्यांचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सिद्ध झाले. तोवर भारतातील गिधाडांच्या काही जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. शासनाने २००६ मध्ये पशूंसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. पक्षी व माणूस यांची शरीररचना भिन्न असल्याने दोन्हींची तुलना ताणू नये. तथापि, घरगुती समजल्या जाणाऱ्या औषधाला मूत्रपिंडे किती संवेदनशील असू शकतात, याचे हे जिवंत उदाहरण आहे.

दक्षतेचे उपाय

रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. रक्तदाब, हृदयविकार वा सूज यांसाठी औषधे चालू असल्यास वैद्यकीय सल्ल्याविना शोथशामक गोळी घेऊ नये. डायक्लोफेनॅक हे औषध नियमाप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाचे आहे.

२. ताप वा साध्या दुखण्यासाठी अशा रुग्णांना सामान्यतः पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित ठरते. मात्र त्याचीही ठरलेली मात्रा ओलांडू नये. बाजारात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन वा अ‍ॅसिक्लोफेनॅक मिसळलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. ‘तापाची गोळी’ म्हणून दिलेल्या पट्टीवरील सर्व घटकांची नावे वाचावीत.

३. गुडघेदुखीवर शेक, योग्य व्यायाम व लावण्याचे मलम यांचा प्रथम विचार व्हावा. मलमातील औषध रक्तात फार थोडे जाते.

४. सांधेदुखीवरील निनावी पुड्या व काढे घेऊ नयेत. अशा काही पुड्यांत शोथशामके वा स्टेरॉइडे मिसळलेली आढळली आहेत.

५. जुलाब, उलट्या वा उष्माघात झाल्यास त्वरित आरोग्य केंद्रात जावे आणि चालू असलेली सर्व औषधे दाखवावीत. मूत्रल व रक्तदाबाची औषधे काही दिवस थांबवावयाची की काय, हे डॉक्टरांनी ठरवावे.

६. रक्तदाबाचे वा मूत्रल औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयविकारासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिनची लहान मात्राही परस्पर सोडू नये. हृदयदौर्बल्याच्या रुग्णाने उपाय म्हणून मनाने जादा पाणी पिणेही अपायकारक होय.

७. ही औषधे एकत्र देणे अपरिहार्य असल्यास ती कमीत कमी मात्रेत व थोडे दिवस घ्यावीत आणि आरंभीच्या काळात क्रिएटिनिन व पोटॅशियम यांची तपासणी करून घ्यावी.

गावपातळीवरील जबाबदारी

या प्रश्नाला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. माहितीची देवाणघेवाण लागते. आशा कार्यकर्ती रक्तदाबाच्या रुग्णाच्या घरी जाते, तेव्हा तिने शासकीय गोळ्यांबरोबरच दुकानातून आणलेल्या गोळ्यांचीही चौकशी करून ती उपचारपत्रिकेवर नोंदवावी. शिक्षकांना मूत्रपिंडाचा पाठ शिकविताना औषधाच्या पट्टीवरील नावे वाचण्याचा परिपाठ विद्यार्थ्यांना घालून देता येईल. आजी-आजोबांच्या गोळ्या वाचून दाखविणारे मूल हे अनेक घरांत पहिले आरोग्यरक्षक ठरू शकते. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत उन्हाळ्यापूर्वी हा विषय घ्यावा आणि कामाच्या ठिकाणी पाणी व सावलीची व्यवस्था पाहावी. औषध विक्रेत्यांनी वेदनाशामक मागणाऱ्या वयस्कर ग्राहकाला ‘रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी चालू आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारावा.

डायलिसिस महाग, कष्टप्रद व कायमचे असते. २०१६ पासून राबविल्या जाणाऱ्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतून त्याची सोय होऊ लागली, हे खरे. तथापि आठवड्यातून दोन-तीनदा तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी जाणारा रुग्ण व त्याच्यासोबत आपला रोजगार बुडविणारा नातेवाईक यांची ओढाताण कोणत्याही योजनेने पूर्णपणे भरून निघत नाही. जी मूत्रपिंडे वेळीच विचारलेल्या एका प्रश्नाने वाचू शकतात, ती तरी त्या वाटेला लागू नयेत, एवढी जागरूकता प्रत्येक गावाला सहज बाळगता येण्यासारखी आहे.